उजव्या बाजूची पदके

दर वर्षी २५ एप्रिलला, पहाटेच्या अंधारात, ऑकलंडच्या डोमेन नावाच्या टेकडीवर वॉर मेमोरियल म्युझियमसमोर हजारो माणसे जमतात. आपल्याकडे एप्रिल म्हणजे कैरीचे पन्हे आणि आंब्याची वाट पाहण्याचे दिवस. इथे तो पानगळीचा महिना, आणि पहाटे हातमोजे घालूनही बोटे गारठतात. जो तो कोटाला लाल पॉपीचे फूल टाचून आलेला असतो. कोणी मोठ्याने बोलत नाही. बिगुल वाजतो, मग स्तब्धता, मग इंग्रजीत आणि माओरीत प्रार्थना होते, आणि उजाडता उजाडता माणसे आपापली फुले स्मारकापाशी ठेवून घरोघर चहाला जातात. १९१५ साली ह्याच तारखेला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचे सैनिक तुर्कस्थानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. त्या एका मोहिमेत ह्या चिमुकल्या देशाची २,७७९ माणसे कामी आली. तेव्हा साऱ्या देशाची वस्ती अकरा लाखांच्या आसपास होती, म्हणजे दुःख किती घरांत शिरले असेल ह्याची कल्पना यावी. (पॉपीची फुले खरे तर १९२१ च्या नोव्हेंबरात विकायची होती. ती घेऊन येणारे जहाज उशिरा पोचले, म्हणून पुढच्या एप्रिलात विकली, आणि तोच इथला रिवाज झाला. रिवाज कसे पडतात पाहा!)

ह्या दिवसाचा एक नियम आम्हाला फार आवडतो. ज्याने पदके स्वतः मिळवली त्याने ती डाव्या छातीवर लावायची. मात्र बापाची, आजोबाची पदके मुलानातवंडांनी लावली तर ती उजव्या बाजूला. म्हणजे पाहणाऱ्याला न विचारता कळते की, ही ह्या माणसाची कमाई नव्हे, ही ठेव आहे.

आमच्याकडे एका बिस्किटांच्या डब्यात आमच्या वडिलांची चार पदके आहेत: १९३९-४५ चा तारा, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. आम्हाला इथे येऊन तीस वर्षांहून अधिक काळ झाला. आमचे इथले शेजारी, आमच्याबरोबर वॉर्डात काम केलेल्या नर्सेस, सगळ्यांनी कधी ना कधी विचारले की तुम्ही ती लावत का नाही. वाचकहो, तुम्हीही म्हणाल, बापाची पदके मुलीने लावायची यात एवढा विचार कसला? तोच विचार आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा डबा असेल, मग ते घर लोदला असो, लंडनला असो की मेलबर्नला.

आपल्या जमातीला लष्कराचा अभिमान आहे आणि तो जुना आहे. कोकणातल्या घाण्यावरून उठून आपली माणसे अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत शिरली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल, ह्यांची गोष्ट आपल्यातल्या प्रत्येक मुलाने ऐकली आहे. ते म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडले. बेने इस्रायल हे नाव ऐकून टिपूच्या आईने रदबदली केली अशी कथा आहे. ते सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईला मांडवीत शाआर हराहमिम हे आपले पहिले सिनेगॉग बांधले. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आपल्या सुभेदार-जमादारांची नोंद किती आस्थेने ठेवली आहे! पुढे १८५७ नंतर फौजेची रचना बदलत गेली, जातवार तुकड्या झाल्या, आणि ज्या जमातीची एक तुकडीही भरत नाही तिच्या माणसांना बढतीची वाट उरली नाही. मग आपली माणसे रेल्वेत, कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत गेली. तरी ओढ संपली नाही. व्हाइस अॅडमिरल बेंजामिन सॅमसन १९६५ साली भारतीय आरमाराच्या ताफ्याचे प्रमुख होते. जनरल जेकब कलकत्त्याच्या बगदादी घराण्यातले, तरी १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीनंतर आपण त्यांनाही आपले म्हणून टाकले.

हे सारे आम्ही अभिमानानेच लिहितो. पण लिहिताना एक गोष्ट मनात येते. लहान जमातीला मोठी नावे लागतात. 'आमच्यात सुभेदार मेजर होऊन गेले' हे वाक्य आपण परक्यांपुढे म्हणतो तेव्हा ते त्या सुभेदारासाठी म्हणतो की स्वतःसाठी? शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ज्यांना ओळखत, त्यांना तलवारीने पत मिळवून दिली हे खरे आहे. परंतु पत मिळवण्यासाठी मेलेल्या माणसाचा उपयोग करणे आणि त्याची आठवण ठेवणे ह्या दोन गोष्टी आहेत. आम्ही स्वतः त्या दोन गोष्टींची गल्लत केली आहे, म्हणून हे बोलण्याचे धाडस करतो.

आमचे आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते, फील्ड हॉस्पिटलात कंपाउंडर. त्यांना एक चांदीचे पदक मिळाले होते. ते आम्ही पाहिलेले नाही. आत्याच्या लग्नात आजीने ते सोनाराकडे देऊन त्याचे पैंजण करवून घेतले. आई ही गोष्ट सांगताना लाजत असे. आम्हाला आता त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. आजोबा घरासाठी समुद्रापार गेले, आणि त्यांनी आणलेली चांदी घरातल्या मुलीच्या पायात वाजली. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. तिथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली, पण हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा, इतके मेले. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने ह्या भेदभावाबद्दल अहवाल काढून माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली. ज्या सरकारला माणसाचे नाव दगडावर कोरणे जमले नाही, त्याच्या पदकाचे पैंजण करणाऱ्या आमच्या आजीला कोणी नावे ठेवू नयेत.

वडिलांची गोष्ट इतकी सोपी नाही.

ते मॅट्रिक होऊन घरी बसले होते. नोकरी मिळेना. १९४० साली ते इंडियन हॉस्पिटल कोअरमध्ये नर्सिंग ऑर्डर्ली म्हणून भरती झाले. १९४३ मध्ये ते खाते इंडियन आर्मी मेडिकल कोअरमध्ये विलीन झाले. तिथून बर्मा आघाडी. १९४६ ला सुटून आले आणि पुढे अलिबागला सरकारी दवाखान्यात कंपाउंडर झाले. एवढी माहिती डब्यातल्या कागदावर आहे. त्यांनी स्वतः लढाईबद्दल आम्हाला एक अवाक्षर सांगितले नाही. त्यांच्या दोन सवयी मात्र आम्ही पाहिल्या. रात्री दिवा मालवण्यापूर्वी ते प्रत्येक मुलाच्या अंथरुणाशी येत आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचत. एखादे भोक दिसले तर सुईदोरा घेऊन तिथेच बसत. उन्हाळ्यात गुदमरायला होई. आम्ही कुरकुर केली तरी त्यांनी कधी ऐकले नाही. दुसरी सवय आम्ही नर्सिंगला गेल्यावर कळली. पहिल्या वर्षी सुटीत घरी आलो असता धाकट्या भावाच्या कोपराला बँडेज बांधण्याचा सराव करत होतो. वडील दारातून पाहत होते. ते आत आले, आम्ही बांधलेले सगळे सोडले, आणि पुन्हा बांधले. आठाच्या आकड्याचे वळसे, प्रत्येक वळसा आधीच्या वळशाचा दोन तृतीयांश भाग झाकणारा, कुठे सुरकुती नाही. इतके सुंदर बँडेज आम्ही पुढे चाळीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या हातांचे पाहिले. बांधून झाल्यावर ते काही न बोलता बाहेर गेले.

मच्छरदाणीचे कोडे पुष्कळ वर्षांनी उलगडले. त्या आघाडीचे सेनापती जनरल स्लिम ह्यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे की, १९४३ साली जखमी म्हणून मागे आणलेल्या एका माणसामागे आजारी म्हणून आणलेली माणसे एकशेवीस होती. मलेरिया, हगवण, टायफस. रोज मेपाक्रीनची गोळी गिळून शिपायांची कातडी पिवळी पडे. म्हणजे वडिलांचे युद्ध मुख्यतः डासांशी होते, आणि ते युद्ध त्यांनी अलिबागच्या घरात मरेपर्यंत चालू ठेवले.

आता आमच्या दोन खोट्यांबद्दल सांगतो.

१९७२ चा जानेवारी. आम्ही मराठी शाळेत सातवीत होतो. बांगलादेशाची लढाई नुकतीच जिंकली होती आणि मुलांच्या अंगात देशाभिमान मावत नव्हता. २३ तारखेला नेताजींची जयंती आली. गुरुजींनी आझाद हिंद फौजेची हकीगत अशी रंगवून सांगितली की अंगावर काटा आला: इंफाळच्या वेशीपर्यंत ती फौज आली होती आणि तिच्यासमोर इंग्रजांचे पगारी शिपाई उभे होते. मग त्यांनी विचारले, कोणाच्या घरचे कोणी त्या लढाईत होते काय? एक मुलगा उठून म्हणाला, माझे चुलते आझाद हिंदमध्ये होते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आमच्या वडिलांकडे बर्माचे पदक आहे हे शेजारच्या मुलीला माहीत होते. तिने आमच्याकडे बोट दाखवले. आम्ही उभे राहून म्हणालो, नाही, आमचे वडील लढाईत नव्हते, ते मुंबईला दवाखान्यात होते.

त्या रात्री वडील मच्छरदाणी खोचायला आले तेव्हा आम्ही विचारले, "बाबा, तुम्ही नेताजींच्या माणसांशी लढलात?" त्यांचा हात थोडा थांबला. मग ते म्हणाले, "झोपा आता." आणि चौथा कोपरा खोचून गेले. आम्ही पुन्हा कधी विचारले नाही. ते १९८६ साली गेले.

दुसरे खोटे इथले, ऑकलंडचे, २००१ सालचे. आम्ही वृद्धांच्या वॉर्डात रात्रपाळीला होतो. एक म्हातारा पेशंट, फुप्फुसे निकामी झालेली, उशांना टेकून बसल्याबसल्याच झोपायचा. रात्री दोनच्या सुमारास जागा झाला आणि म्हणाला, "तू इंडियातली ना? इटलीत सेनिओ नदीवर तुमची माणसे आमच्या शेजारी होती. चांगली माणसे. तुझा बाप होता का तिथे?" तेव्हा सेनिओ कुठे आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हते. नंतर वाचले की ९ एप्रिल १९४५ ला आठवी हिंदी डिव्हिजन आणि न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन ह्यांनी त्या नदीवर शेजारीशेजारीच हल्ला चढवला होता, आणि त्याच लढाईत मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्या रात्री आम्ही एवढेच पाहिले की म्हाताऱ्याचे डोळे आशेने आमच्याकडे लागले आहेत. आम्ही म्हणालो, होय, होते.

तो अकरा दिवस जगला. त्या अकरा दिवसांत त्याने साऱ्या वॉर्डाला सांगितले की ह्या सिस्टरचा बाप माझ्या शेजारी लढला. दुसऱ्या नर्सेस आमच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागल्या. आणि खरे सांगायचे तर, आम्हाला ते आवडले. परमुलखात आलेल्या, नाव नीट न उच्चारले जाणाऱ्या बाईला एकाएकी ह्या देशाच्या इतिहासात एक खुर्ची मिळाली. रोग्याला बरे वाटावे म्हणून आपण खोटे बोललो अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. पहिल्या रात्रीपुरती ती खरी असेल. पुढच्या दहा दिवसांची नाही.

त्याच्या मुलीने अंत्यविधीनंतर फोन केला आणि म्हणाली, पुढच्या एप्रिलात आमच्याबरोबर डोमेनवर चला, वडिलांची पदके लावून. आम्ही होकार दिला आणि मार्च महिनाभर झोप लागली नाही. शेवटी तिच्या घरी गेलो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळे सांगितले. ती पुष्कळ वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "मग तुझे वडील होते कुठे?"

"बर्मात."

"बर्मात कुठे?"

ह्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या गावी, कोणाबरोबर, काही नाही. बेचाळीस वर्षांच्या बाईला आपल्या बापाच्या सहा वर्षांबद्दल एक वाक्य बोलता येईना. ती बाई रागावली असती तर परवडले असते. ती म्हणाली, "तरी ये." आम्ही गेलो. पदके पर्समध्ये राहिली.

तेव्हापासून आम्ही ह्यावर विचार करत आलो. शाळेत आम्ही बापाला लपवले आणि वॉर्डात त्याला वाढवले. पहिल्याला लाज म्हणावी आणि दुसऱ्याला अभिमान. दोन्ही वेळा वडील कोण होते ह्याच्याशी आम्हाला काही कर्तव्य नव्हते, वर्ग काय म्हणेल, वॉर्ड काय म्हणेल एवढेच पाहिले.

आपल्या पवित्र शास्त्रात नोहाची गोष्ट आहे. नोहा द्राक्षारस पिऊन डेऱ्यात उघडा पडला. हामने पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. शेम आणि याफेथ वस्त्र खांद्यावर घेऊन पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी बापाला झाकले. शाआर हराहमिमच्या अंगणात लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा वाटले, धडा सरळ आहे: बापाची लाज झाकावी. आता वाटते, शेम आणि याफेथ ह्यांनी झाकले, पण बाहेर येऊन 'आमचा बाप उपाशी तपश्चर्या करत आहे' असे काही सांगितले नाही. झाकणे आणि रंगवणे ह्यांत फरक आहे. नर्सला तो रोज दिसतो. जखम झाकावीच लागते, पण न धुता झाकली तर आत सडते.

मग प्रश्न राहतो की, आमच्या वडिलांच्या नोकरीत लाज वाटावी असे काही होते का? हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आपल्या शेकडो घरांचा तो प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी माणसे इंग्रजांच्या फौजेत होती, आणि स्वेच्छेने भरती झालेली होती. त्यांच्या देशाला स्वातंत्र्य नव्हते. आपल्याच जमातीतले डॉक्टर अब्राहम एरुलकर गांधीजींच्या उपवासात त्यांच्या उशाशी बसत होते, आणि आमचे वडील इंग्रज सरकारच्या गणवेशात होते. कोण बरोबर?

आम्ही राजकारणातले जाणकार नाही. पण व्यवस्थेच्या पुस्तकातला एक नियम आम्हाला ह्या बाबतीत आठवतो. लढाईला निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी पुकारायचे की, ज्याने नवे घर बांधले आणि त्यात राहिला नाही त्याने परत जावे. ज्याने द्राक्षमळा लावला आणि फळ चाखले नाही त्याने परत जावे. ज्याची सोयरीक झाली आहे त्याने, आणि ज्याच्या मनाला भय वाटते त्यानेही परत जावे. किती दयाळू नियम! पण आमच्या वडिलांना तो लागू करून पाहा. घर बांधले होते म्हणून परत जावे अशी त्यांची स्थिती नव्हती. घर उभे राहावे म्हणूनच ते गेले होते. महिन्याची मनीऑर्डर येई तेव्हा आजीच्या घरात चूल पेटे. 'पगारी शिपाई' हा शब्द गुरुजींनी शिवीसारखा उच्चारला होता. पगारासाठी आम्हीही रात्रपाळ्या केल्या, परदेशात आलो. पगारासाठी केलेले काम इमानाने केलेले असू शकते.

तरीही एवढ्याने आझाद हिंदवाल्याच्या पुतण्याची टाळी खोटी ठरत नाही. त्याच्या चुलत्याने मोठी जोखीम घेतली होती आणि ती देशासाठी घेतली होती. दावीद राजाचे शास्त्रात केवढे कौतुक आहे, पण मंदिर बांधायची वेळ आली तेव्हा परमेश्वराने त्याला सांगितले की तू फार रक्त सांडले आहेस, मंदिर तुझा मुलगा बांधील. कौतुक रद्द झाले नाही आणि रक्तही विसरले गेले नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावे लिहून ठेवल्या. आम्हाला वाटते, आठवण ठेवायची ती अशी असावी. बापाला मान देण्यासाठी त्याचे युद्ध न्यायाचे होते असे सिद्ध करावे लागत नाही, आणि ते युद्ध आपल्याला पटले नाही म्हणून त्याचे नाव डब्यात कोंडावेही लागत नाही.

इथले लोक ही गोष्ट हळूहळू शिकत आले असे आमचे मत झाले आहे. गॅलिपोलीची मोहीम फसली हे कोणी लपवत नाही. दुसऱ्याच्या मुलखावर आपली मुले का पाठवली असे उघड विचारणारे पुष्कळ आहेत, आणि तेही पहाटे येतात. त्याच किनाऱ्यावर हिंदुस्थानातल्या पहाडी तोफा आणि खेचरे घेऊन आलेली आपली माणसे होती, आणि मोहिमेच्या दुसऱ्या टोकाला अलेक्झांड्रियातल्या निर्वासित ज्यूंचे झायन म्यूल कोअर पाणी आणि दारूगोळा वाहत होते. नर्सेसही आहेत बरे का ह्या आठवणीत. ऑक्टोबर १९१५ मध्ये मार्केट नावाचे जहाज बुडाले त्यात न्यूझीलंडच्या दहा नर्सेस गेल्या. आम्ही दर वर्षी त्यांच्यासाठी निराळे फूल ठेवतो. कोणी सांगितले म्हणून नव्हे.

गेल्या वर्षी आमच्या नातीला शाळेत घरातल्या कोणा सैनिकाबद्दल एक पान लिहून आणायला सांगितले. ती अकरा वर्षांची आहे, मराठी समजते, बोलते मोडके. डबा घेऊन बसली आणि विचारू लागली, "आजी, ते शूर होते? त्यांनी कोणाला मारले? आणि ते कोणाच्या बाजूचे होते?" आम्ही म्हणालो, शूर होते की नाही ते ठाऊक नाही. मारले नसावे, त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा बँडेज अधिक असे. इंग्रजांच्या नोकरीत होते. त्यांच्या समोर इंफाळला जपानी होते आणि आपल्याच देशाची काही माणसेही होती. नात म्हणाली, मग हे सगळे लिहू? लिही म्हणालो. तिने मच्छरदाणीचेही लिहिले, आणि खाली आमच्या कोपराला बँडेज बांधून फोटो चिकटवला. वळसे फार सैल होते. आम्ही सोडून पुन्हा बांधले नाहीत, एवढे मात्र चुकले, बांधायला हवे होते.

तिच्या पानासाठी म्हणून आम्ही अश्दोदला धाकट्या भावाला फोन केला. तो १९७७ साली इस्रायलला गेला. तिथे सैन्यात जाणे हा प्रश्नच नसतो. तोही गेला, त्याची मुलेही गेली. तिकडचा योम हझिकारोन बहुधा इथल्या २५ एप्रिलच्या मागेपुढेच येतो. भोंगा वाजला की रस्त्यातल्या मोटारी थांबवून माणसे उभी राहतात, आणि तिथे प्रत्येकाच्या मनात जो चेहरा येतो तो ओळखीचा, कालपरवाचा असतो. भाऊ त्या दिवसाबद्दल बोलत नाही. आम्हीही खोदत नाही. पण ह्या वेळी आम्ही सरळ विचारले, बाबांनी तुला कधी काही सांगितले होते का?

"सांगितले होते," तो म्हणाला. "मी निघालो त्याच्या आदल्या रात्री."

"मग इतकी वर्षे बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारले नाहीस, ताई."

तो म्हणाला ते असे. १९४४ च्या पावसाळ्यात बाबा मणिपूर रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात होते. आझाद हिंदची पकडलेली माणसे तिथे येत, हाडांची काडे झालेली, हगवणीने आणि तापाने बेजार. बाहेर पहारा असे. त्यांच्यात एक रत्नागिरीकडचा माणूस होता, मूळचा सॅपर, १९४२ साली सिंगापूर पडले तेव्हा जपान्यांच्या हाती सापडलेला आणि तिथून नेताजींच्या फौजेत गेलेला. बाबांना मराठीत बोलताना ऐकून तो रडला. वॉर्डात कैद्यांची पत्रे लिहून देण्याची परवानगी नव्हती. बाबांनी रात्री कंदिलाशी बसून त्याने सांगितले तसे त्याच्या आईला पत्र लिहिले, आणि स्वतःच्या घरच्या पत्राच्या पाकिटात घालून अलिबागला पाठवले, की पुढे आजोबांनी ते रत्नागिरीला टाकावे. तिसऱ्या दिवशी तो माणूस गेला. बाबांनी त्याच्या अंगावरून मच्छरदाणी काढून दुसऱ्याला लावली.

आजोबांनी ते पत्र पुढे पाठवले होते. त्याला उत्तर आले नाही. पोचले की नाही, हे बाबांना शेवटपर्यंत कळले नव्हते, आणि त्या माणसाचे नाव भावाला आठवत नाही.

ह्या एप्रिलात आम्ही पहाटे चारला उठलो. नातीने डबा आणला. चारही पदके तिच्या कोटाला उजव्या बाजूला लावली, कारण आमचे हात आता कापतात आणि टाचणी नीट बसत नाही.